मदत हवी आहे : आरमध्ये सूत्र फंक्शनबाहेर, वजनं आत, आणि एलएमला ती सापडत नाहीत

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात घरोघरी फिरून ६४ वावरांची कापसाची माहिती लिहून आणली आहे: एकरी उतारा, वाण, ओलीत की कोरडवाहू, पेरणीचा दिवस. आर या आकडेवारीच्या प्रोग्रामिंग भाषेत एलएमने (lm, रेषीय मॉडेल बसवणारं फंक्शन) मॉडेल बसवतोय.

एक अडचण सुटली. पेरणीच्या दिवसाचा वर्ग हवा म्हणून सूत्रात (कशावरून काय काढायचं ते सांगणारी ओळ) नुसतं दिवस^२ लिहिलं, तर वर्गाचा गुणक आलाच नाही. सूत्रात ^ म्हणजे घात नाही, पदांची आपसातली जोडणी. एकट्या पदाचं तेच पद उरतं. आय() मध्ये, म्हणजे आतलं गणित जसंच्या तसं करणाऱ्या I() मध्ये, घातल्यावर बरोबर आलं.

खरं अडलंय पुढे. सूत्र मी फंक्शनबाहेर बनवतो आणि वावराच्या एकरांवरून वजनं (कोणत्या वावराला मॉडेलमध्ये किती महत्त्व द्यायचं ते) माझ्या फंक्शनच्या आत काढतो. दोन्ही एलएमला दिली की वजनाचं ऑब्जेक्ट सापडत नाही अशी एरर येते. तेच सूत्र आत लिहिलं की चालतं! मला समजलं ते असं: एलएम वजनं आधी डेटात शोधतं, नंतर सूत्र जिथे तयार झालं त्या एन्व्हायर्नमेंटमध्ये (नावं आणि त्यांच्या किमती जिथे ठेवलेल्या असतात ती जागा). माझ्या फंक्शनमध्ये ते डोकावतच नाही.

मग वजनाचा स्तंभ डेटालाच जोडू, की सूत्राचं एन्व्हायर्नमेंट बदलू? अशी १२ सूत्रं एकामागून एक चालवायची आहेत. मला पहिला मार्ग सरळ वाटतो, पण पुढे प्रेडिक्ट (बसवलेल्या मॉडेलवरून अंदाज काढणारं फंक्शन) वापरताना त्याने काही बिघडेल का? कास्तकारांनी वेचणीच्या घाईत वेळ काढून माहिती दिली, त्यांना चुकीचा आकडा सांगायचा नाही. कोणी हे केलं असेल तर कृपया सांगा.