ताजा म्हणून कच्चा चालेल?
भाऊ, ‘मासा हतनूर धरणाचा, सकाळीच धरलेला, मग कुत्र्याला अख्खा कच्चा टाकायला भीती कसली,’ असं विचारलंत. प्रश्न शिळेपणाचा नाहीच. कॉमन कार्पसारख्या माशात थायमिनेज हे विकर असतं, ते बी-१ जीवनसत्त्व मोडतं. रोज तोच कच्चा मासा घातला, तर कुत्रं आधी खाणं सोडतं, पुढे झोकांड्या, झटकेसुद्धा. उणे २० अंशांवर आठवडाभर गोठवला की जंत मरतात, थायमिनेज मात्र शिजवल्यावरच जातं. पण शिजलेला काटा ठिसूळ होऊन घशात रुततो. त्यामुळे मी तरी उकडून, काटे वेचून भाकरीत कुस्करतो. बिनमिठाचा, बिनतिखटाचा. आपला काळ्या मसाल्याचा रस्सा त्याला नकोच! आणि गळाने धरलेला असेल, तर तोंडात हूक राहिलाय का, तेवढं बघा.