नांगर टाकला की नांगी?

शोधनिका: मुद्रितशोधनाचं काम करते. एका कथेत वाक्य आलं, ‘संकटापुढे त्याने शेवटी नांगर टाकला.’ मी त्याचं ‘नांगी टाकली’ केलं. लेखक म्हणतात, थांबला काय नि हरला काय, एकच. मला पटत नाही, पण समजावता येईना. आणि शेतातला नांगर जहाजावर चढला कसा?

जुना खलाशी: बाई, तुमचं बरोबर. नांगी विंचवाची. ती खाली पडली की जोर संपला. नांगर टाकणारा मात्र जागा धरून राहतो. आणि टाकणं म्हणजे भिरकावणं नव्हे हो! नांगर तळाला लागला की जहाज हळूहळू मागे घ्यायचं, तेव्हा त्याचा दात चिखलात रुततो. साखळी खोलीच्या तीन ते पाचपट सोडायची, दोर असेल तर सातपट. आखूड पडली की ओढ वर लागते, नांगर उपटतो आणि जहाज त्याला फरफटत नेतं. पहिल्या वर्षी मी असाच निर्धास्त झोपलो होतो. जाग आली तर किनाऱ्यावरचा दिवा भलत्याच बाजूला! शिव्या पोटभर खाल्ल्या. तेव्हा लेखकांना सांगा, ‘संकटापुढे नांगर टाकला’ म्हणजे तो टिकून राहिला. अर्थ उलटाच होतोय.

अक्षरवेडा: चढला नाही, शब्दच दोन आहेत. शेतातला नांगर संस्कृत ‘लाङ्गल’. ऋग्वेदात ‘शुनं कृषतु लाङ्गलम्’ आहे, बलरामालाही लांगली म्हणतात. जहाजाचा नांगर फारसी ‘लंगर’, हिंदीत तो अजून तसाच. आपल्याकडे ल आणि न यांची अदलाबदल जुनीच: निंबाचा लिंब, नवनीताचं लोणी, ललाटाचं निढळ. नांगीसुद्धा ‘लांगूल’ म्हणजे शेपटीवरून आलेली.

शोधनिका: म्हणून शेतही नांगरतात आणि होडीही नांगरतात! मी ते एकच क्रियापद समजत होते.

जुना खलाशी: शब्द दोन असतील, वस्तू मात्र एकदा खरंच एक झाली. 1933 साली जेफ्री टेलर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने शेतातल्या फाळासारखा नांगर काढला. ओढ लागली की तो तळात आणखी खोल शिरतो. छोट्या बोटींवर आजही दिसतो.

शोधनिका: लेखकांना हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाले, वाक्यच काढून टाका.