अर्जापुढचं गणित

शहराने अनुदानाचा अर्ज केला की बेघरांचा प्रश्न सुटला, असं कुणीतरी लिहिलंय. मला तसं वाटत नाही. अमेरिकेत 'इमर्जन्सी सोल्यूशन्स ग्रँट' या बेघरांसाठीच्या केंद्र सरकारी अनुदानात शहराला मिळालेल्या रकमेइतकीच भर घालावी लागते. रोख नसेल तर दान मिळालेली जागा, स्वयंसेवकांचे तासही धरतात. शिवाय निवारे आणि रस्त्यावरची मदत मिळून सहसा अनुदानाच्या ६० टक्क्यांहून जास्त खर्च चालत नाही. ही अट मला मनापासून पटते. उरलेल्या पैशातून भाडं थकलेलं कुटुंब रस्त्यावर येण्याआधीच सावरता येतं, बेघर झालेल्याला लवकर भाड्याचं घर मिळवून देता येतं. म्हणून अर्जात आधी बघा, भर कुठून येणार? तिथे नुसतं आश्वासन असेल तर काळजी वाटते.