पहिले पिस्तूल आधी, की रेंजचे सभासदत्व आधी?

प्रश्न

नमस्कार. चाळिशी उलटल्यावर मला नेमबाजी शिकण्याची इच्छा झाली आहे. हेतू केवळ लक्ष्यभेदाचा आहे, स्वसंरक्षणाचा नाही. परवान्याचे नियम वाचून झाले आहेत. पुढेमागे ९ मिलिमीटरचे पिस्तूल लागणारच असेल, तर दोनदा खर्च नको म्हणून पहिलेच तसे घ्यावे, असा विचार आहे. तो योग्य आहे का? आणि रेंज निवडताना नेमके काय पाहावे?

प्रतिसाद १

आपण क्रम उलटा करावा, असे मी सुचवेन. आधी रेंजवर जाऊन तिथली दोन-चार पिस्तुले चालवून पाहावीत आणि खरेदीचा विचार काही महिन्यांनी करावा. मी स्वतः ९ मिलिमीटरपासूनच सुरुवात केली आणि गोळ्या सतत डावीकडे खाली का लागतात, हे मला कित्येक आठवडे कळत नव्हते. शेवटी प्रशिक्षकांनी मला न सांगता मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांबरोबर दोन नकली काडतुसे मिसळली. तिसऱ्यांदा चाप ओढला तेव्हा नुसता 'टक्' असा आवाज झाला, आणि धक्का बसलेलाच नसताना पिस्तुलाचे तोंड माझ्या डोळ्यांदेखत चांगले दोन बोटे खाली झुकले. येणाऱ्या धक्क्याला माझा हात आधीच विरोध करत होता. .२२ ची (०.२२ इंच व्यासाची) गोळी साधारण २.६ ग्रॅमची असते, तर ९ मिलिमीटरची साडेसात-आठ ग्रॅमची, त्यामुळे धक्का कमी बसणाऱ्या .२२ वर ही खोड सहसा जडत नाही आणि काडतुसेही स्वस्त असल्याने सराव भरपूर होतो. दोनदा खर्च टाळण्याच्या नादात तो सराव गमावू नये.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे, परंतु केवळ लक्ष्यभेदच करायचा असेल तर .२२ च्याही आधी १० मीटरच्या एअर पिस्तुलाचा विचार व्हावा. त्याचा छर्रा ४.५ मिलिमीटरचा असतो आणि धक्का जवळपास नसतोच. लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ मात्र अवघे ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते. हिशेब करून पाहा: नेम धरण्याची मागची खाच आणि पुढची माशी (नळीच्या टोकावरचा उंचवटा) यांत १५० मिलिमीटर अंतर असेल आणि माशी खाचेत १ मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर गोळी सुमारे ६७ मिलिमीटर भरकटते. म्हणूनच नजर माशीवर ठेवायची आणि लक्ष्य धूसर दिसू द्यायचे. चाळिशीनंतर जवळचे धूसर दिसू लागते, तेव्हा माशी स्पष्ट दिसेल असा चष्मा आधी करून घ्यावा. पिस्तुलाच्या नावापेक्षा त्याने अधिक फरक पडेल.

पिस्तूल कोणतेही घ्या, ते हातात बसते का हे पाहा. अंगठा आणि तर्जनी यांमधील बेचका मुठीवर शक्य तितका वर टेकावा, नळी हाताच्या रेषेत यावी आणि तर्जनीचे पहिले पेर चापावर सहज पोहोचावे. त्यासाठी मूठ फिरवून धरावी लागत असेल, तर ते पिस्तूल आपले नव्हे.

प्रतिसाद ३

रेंजविषयी थोडेसे. बहुतेक ठिकाणी नवशिक्याला क्लबचेच शस्त्र देतात, तरी आधी विचारून घ्यावे. सभासद होण्यापूर्वी तासभर मागे नुसते बसून राहावे. 'फायर बंद' असा हुकूम होताच सगळे जण शस्त्र रिकामे करून, चेंबर (काडतूस बसते ती जागा) उघडे ठेवून, टेबलापासून मागे सरतात का? लक्ष्ये बदलणारी माणसे पुढे गेलेली असताना कोणी शस्त्राला हात लावतो का? लावत असेल आणि रेंज अधिकारी काही बोलत नसेल, तर तिथून उठून यावे. बंदिस्त रेंज असेल तर हवा नेमबाजाच्या पाठीमागून लक्ष्याकडे वाहते का, हेही पाहावे, कारण शिशाची धूळ श्वासातून शरीरात जाते. कानांना संरक्षण .२२ ला सुद्धा हवेच. तो बार ऐकायला किरकोळ वाटतो, पण १४० डेसिबलच्या वर जातो.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. तूर्त खरेदी थांबवली असून आधी डोळे तपासून घेतो. पुढे .२२ घेतलेच, तर घरी रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढून सराव करता येईल का?

प्रतिसाद १

सरसकट नाही. .२२ च्या काडतुसाची दारू कडेवर ठोकर बसून पेटते; चेंबर रिकामे असेल तर काही पिस्तुलांत ठोकर देणारी पिन थेट चेंबरच्या कडेवर आदळते आणि तिथे खाच पडते. पुस्तिकेत स्पष्ट परवानगी असेल तरच तसे करावे, अन्यथा नकली काडतूस वापरावे, आणि त्या वेळी खरी काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात असावीत.