मदत हवी आहे: बेरोजगार तरुण सरकारी रोजगार सेवेकडे पाठ का फिरवतात?

सार्वजनिक रोजगार सेवेत नाव नोंदवलेले अनेक तरुण पुढे तिकडे फिरकतच नाहीत, याची कारणे समजून घेण्यासाठी आपली मदत हवी आहे. ही सेवा विनामूल्य असावी, असे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९४८ च्या करारातच म्हटले आहे. त्यामुळे शुल्क हा अडसर नसावा. युरोपीय संघाने २०१३ मध्ये पंचविशीच्या आतील तरुणांना चार महिन्यांत नोकरी, शिक्षण किंवा प्रशिक्षणाची संधी देण्याचे ठरवले, तरी सर्वांपर्यंत पोहोचणे तिथेही साधले नाही.

वारंवार बदलणारे समुपदेशक, शिक्षणाशी न जुळणारी कामे आणि भत्ता थांबण्याची भीती ही कारणे आहेतच. परंतु नोंदणीनंतर कोणीच काही न कळवणे मला सर्वांत घातक वाटते. आपण अशी नोंदणी सोडली असल्यास, किंवा अशा केंद्रात काम केले असल्यास, संबंध नेमका कोणत्या टप्प्यावर तुटला, हे कृपया सविस्तर लिहावे.