एकशिक्षकी शाळेत ‘निपुण’चं वाचन कसं बसवायचं?

सत्तरीकर: सरकारी मराठी प्राथमिक, पहिली ते चौथी मिळून १४ मुलं, शिक्षक एक. निपुण भारत, म्हणजे केंद्राच्या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेच्या लक्ष्यात दुसरीला मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीला किमान ६०, तेही अर्थासकट. इथे तिसरीची मुलं जोडाक्षरावर अडतात. घरी सगळे कोंकणी बोलतात. सुरुवात कुठून करायची?

म्हादई: रोज तासभर इयत्ता विसरा. तीनच गट करा: अक्षर, काना-मात्रेचे शब्द, सलग उतारा. एका गटापाशी २० मिनिटं तुम्ही, बाकीचे जोडीने वाचतील. चौथा गट केलात तर कुणाच्याच वाट्याला पुरेसा वेळ येत नाही.

पहिलीला ‘अ’ ते ‘ज्ञ’ ओळीने नको, त्या क्रमाने वाचण्याजोगे शब्द फार उशिरा हाती येतात. म, क, न, ल, र घ्या आणि लगेच काना: कान, नाक, मामा, कमान. ऱ्हस्व वेलांटी सावकाश. ती लिहायची अक्षराआधी आणि उच्चारायची नंतर, म्हणून मुलं हमखास चुकतात.

जोडाक्षरांत आधी गप्पा, पिल्लू, कच्चा. मग रस्ता, पुस्तक. ‘र’ सगळ्यात शेवटी, कारण सूर्य, चक्र आणि राष्ट्र यांत तो तीन वेगळी रूपं घेतो.

सांतेर: बाईंनी सांगितलं ते बरोबर, पण मोजताना घोळ होतो. उतारा मुलाने न पाहिलेला हवा, नाहीतर पाठांतर मोजलं जातं. घड्याळ एक मिनिट. ३ सेकंद अडलं की शब्द सांगा, चूक धरा, पुढे चला. स्वतःहून सुधारलेला शब्द बरोबर. ‘घोडा’चं ‘घोडो’ झालं तर चूक धरू नका, मुलाने वाचलंय आणि समजलंयही. नंतर चार-पाच प्रश्न. उत्तर कोंकणीत आलं तरी पूर्ण गुण. भराभर वाचून एकही उत्तर येत नसेल, तर मराठी शब्दच ओळखीचे नाहीत. उतारा देण्याआधी त्यातल्या नव्या शब्दांवर तोंडी गप्पा मारा.

सत्तरीकर: वर पाठवायच्या आकड्यांचं काय?

सांतेर: आकडा पाठवा. वहीत मात्र मुलागणिक अडलेली अक्षरं लिहा, उद्याचा पाठ त्यातूनच ठरतो.

म्हादई: एक मुद्दा धोरणाचा. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) कलम २७ ने शिक्षकाला अशैक्षणिक कामाला लावायला बंदी आहे, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक वगळून. एकशिक्षकी शाळेत ही सूट म्हणजे तितके दिवस वाचन ठप्प. भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे मागायचंच तर साहित्याचा आणखी एक संच नको, त्या दिवसांपुरता बदली शिक्षक लेखी मागा.