सात-आठ वर्षांची मुलगी दत्तक घ्यायची आहे : फॉस्टर केअर की थेट दत्तक?

कोथरूडहून_दोघं
नमस्कार. माझं वय ४५, यजमानांचं ४७, मूल नाही. सहा ते नऊ वयाची मुलगी घरी आणायची आहे. फॉस्टर केअरमधलं मूल दोन वर्षांनी दत्तक मिळतं असं कळलं. तो रस्ता जवळचा आहे का? शिवाय मुलगी ऐन सत्राच्या मध्यावर आली तर शाळेचं काय?

बालहक्क_शिवाजीनगर
दोन्ही रस्ते एकमेकांत मिसळू नका. फॉस्टर केअर म्हणजे सांभाळ. मुलीचे आईवडील हयात असू शकतात आणि घरची घडी बसली की ती परत जाऊ शकते. केंद्राच्या २०२४ च्या सूचनांनी दत्तकाआधी पाच वर्षं सांभाळायची अट दोनवर आणली हे खरं, पण त्यासाठी मूल दत्तकासाठी कायद्याने मुक्त झालेलं असावं लागतं. मनात दत्तक धरून फॉस्टर केअरमध्ये शिरलात, तर मुलीची आई भेटायला येईल त्या दिवशी तुम्हालाच ती भेट नकोशी वाटेल. तसं होऊ नये.

तुमच्यासाठी थेट दत्तकच बरं. 'कारा'च्या, म्हणजे दत्तकाचं काम पाहणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाच्या, पोर्टलवर नोंदणी करा. ४ ते ८ वर्षांच्या मुलासाठी दोघांच्या वयांची बेरीज १०० पर्यंत चालते, ८ ते १८ साठी ११०. तुमची ९२ होते. शिवाय मूल आणि प्रत्येक पालक यांत किमान २५ वर्षांचं अंतर हवं. पॅन, आधार आणि विवाह नोंदणीवरची नावं व जन्मतारखा जुळतात का ते आधीच पाहा, फाइल बहुधा तिथेच अडते. मग तुमच्या घराची पाहणी, म्हणजे गृहभेट. तिचा अहवाल तीन वर्षं चालतो.

मुलीची माहिती पोर्टलवर आली की तिला राखून ठेवायला ४८ तासच मिळतात, म्हणून आपसातली चर्चा आधीच आटपा. होकारानंतर ती दत्तकपूर्व संगोपनासाठी घरी येते. दत्तकाचा आदेश आता कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात, १ सप्टेंबर २०२२ पासून. पुढे दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी पाहणी. ठरलेलं शुल्क सोडून कोणी 'देणगी' मागितली तर देऊ नका.

समुपदेशक_ताई
एक गोष्ट सुटली. पाच वर्षांवरच्या मुलाची संमती लागते. तुम्ही तिला निवडता तसं तिनेही तुम्हाला निवडायचं असतं.

ती राहते त्या संस्थेत गेल्यावर तिचा वैद्यकीय आणि बाल-अभ्यास अहवाल ओळ न ओळ वाचा. आधी किती ठिकाणी राहिली, भावंडं कुठे आहेत, शाळा का सुटली, घरात कुठली भाषा बोलत होती, हे विचारा. अहवालात नसेल तर तिला सांभाळणाऱ्या मावशींना विचारा, त्यांना बरंच माहीत असतं.

पहिले काही आठवडे बऱ्याचदा मूल फार शहाण्यासारखं वागतं. मग चिडणं, खोटं बोलणं, उशीखाली पोळी लपवणं सुरू होतं. ही लबाडी नाही. आधी पुरेसं खायला मिळालं नसेल, तर 'उद्या मिळेल' यावर विश्वास बसायला वेळ लागतो. रागावू नका. राजगिऱ्याच्या लाडवांचा डबा तिच्या हाताला येईल असा ठेवा, तो रिकामा होऊ देऊ नका. आणि तिचं नाव, कृपा करून, तिच्या मर्जीशिवाय बदलू नका. आईने ठेवलेलं तेवढंच तिच्याकडे उरलेलं असू शकतं.

शाळामित्र_हडपसर
शाळेबद्दल : शिक्षण हक्क कायद्यानुसार ६ ते १४ वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. आधीच्या शाळेचा दाखला किंवा जन्माचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही. वय आठ आणि वाचन पहिलीचं असेल तरी तिसरीत बसवा, मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षणाची तरतूद आहे. लहानांत बसवलं की मूल लाजतं. संस्थेत मराठी माध्यम असेल तर लगेच इंग्रजीत टाकू नका. घर, माणसं, भाषा सगळंच एकदम बदललं तर ती बोलणंच बंद करेल.

कोथरूडहून_दोघं
मनापासून आभार. तिचं आधार संस्थेच्या पत्त्यावर असेल तर नवीन काढायचं का?

शाळामित्र_हडपसर
नाही. आधी बोटांचे ठसे दिलेले असतील तर नवा अर्ज दुबार म्हणून फेटाळला जातो. दत्तक आदेश आणि त्यावरून मिळालेला नवा जन्मदाखला घेऊन जुन्याच क्रमांकावर नाव-पत्ता बदलून घ्या. शाळेची नोंद त्यानंतर.